दहा वळशांचं वजन

“बाळाला दुधाशिवाय आणखी काही देता का? घरगुती औषध, मुळ्या, पावडर, असं काही?”

डॉक्टरांनी हे इंग्रजीत, कीबोर्डवरची बोटं न उचलता विचारलं. तपासणीच्या त्या लहान खोलीत मी होतो, बायको होती, तिच्या मांडीवर आमची सात आठवड्यांची धाकटी होती आणि दाराजवळच्या खुर्चीत माझ्या सासूबाई होत्या. त्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून इथे परदेशात आल्या होत्या. जन्मल्यावर बाळांना येते ती कावीळ दोन-तीन आठवड्यांत उतरते. आमची उतरली नव्हती. त्यात त्या दिवशीच्या रक्ताच्या अहवालात यकृताचे दोन आकडे मर्यादेच्या किंचित वर आले होते.

“नो, नथिंग,” बायको म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. बाळगुटी तिच्या लेखी औषध नव्हतं. तेल लावणं, धुरी देणं, तशातलंच ते एक. सासूबाईंना मात्र प्रश्न नीट कळला होता. त्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या यकृताकडे पाहिलं.

डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेले. शी कोणत्या रंगाची होते? पिवळी. दूध नीट पिते का? पिते. “सात दिवसांनी पुन्हा रक्त बघू,” ते म्हणाले. त्या दिवशी सोमवार होता.

मी गप्प बसलो ही गोष्ट कोणाच्याही बाबतीत वाईटच, पण माझ्या बाबतीत जास्त वाईट, कारण माझं पोट याच प्रश्नावर चालतं. एखादा रासायनिक पदार्थ साबणात, रंगात किंवा डब्याच्या प्लास्टिकमध्ये वापरायचा तर तो माणसाला अपाय करतो का, कोणत्या वाटेनं करतो, किती मात्रेला करतो, याचे जगभरातले अभ्यास गोळा करायचे, ते तोलायचे आणि सरकारी खात्यासाठी फाइल लिहायची, हे माझं काम. प्रयोग मी करत नाही, दुसऱ्यांनी केलेले वाचतो. प्रत्येक अभ्यासाला आम्ही एक ते चार असा दर्जा देतो. एक म्हणजे निर्धास्त वापरावा असा. दोन म्हणजे थोड्या उणिवा असलेला. तीन म्हणजे बाजूला ठेवावा असा. चार म्हणजे चांगला की वाईट हेही सांगता येत नाही, कारण लिहिणाऱ्यानं पुरेसं लिहिलेलंच नाही. दर्जा दोघांनी वेगवेगळा द्यायचा, तोही निष्कर्षाचं पान झाकून, आणि मग समोरासमोर बसून ताडून बघायचा. एकट्या माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं, म्हणून ही रीत.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत स्टीलचा एक गोल डबा होता. त्यात हळकुंड, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम, आणि वेखंडाचं बोटभर लांबीचं गाठीगाठींचं मूळ. सहाण वेगळी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. बाळाला महिना झाला त्या दिवशी त्यांनी सहाण धुऊन ओट्यावर मांडली. आंघोळीनंतर सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक मूळ उगाळायचं, कशाचा एक वळसा, कशाचे दोन. मग ते चाटण बोटानं बाळाच्या जिभेला लावायचं. मोजमाप सगळं वळशांत.

मला त्यातलं एकच नाव खटकलं.

“आई, वेखंड तेवढं नको द्यायला,” मी म्हणालो होतो.

“का हो?”

“त्याच्या तेलात एक घटक असतो. पांढऱ्या उंदरांना तो खूप दिवस खाऊ घातला तेव्हा त्यांच्यात गाठी झाल्या. काही देशांत म्हणूनच खाण्यात चालत नाही.”

“किती खाऊ घातला?”

“खूप.”

“खूप म्हणजे किती? आमच्या वर्गात ‘खूप’ लिहिलं की मी अर्धा मार्क कापायची.”

“वाचून सांगतो.”

“सांगा. तोवर एकच वळसा देते.”

आमची थोरली, तेव्हा अकरा वर्षांची, तिथेच टेबलाशी पाय हलवत कॉर्नफ्लेक्स खात होती. तिच्याकडे हात करून सासूबाई म्हणाल्या, “ही बघा. हिला दहा महिने दिली गुटी. गणितात वर्गात पहिली.”

“सॅम्पल साइझ वन ला, आजी,” थोरली इथल्या इंग्रजीतला शेवटचा ‘ला’ लावत म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर मी खरोखरच वाचत होतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, ट्रेनमध्ये. उंदरांवरचे अभ्यास होते. एक जुना होता, चांगला पण आजच्या नियमात न बसणारा. यकृतातली एंझाइमं त्या घटकाचं रूप कसं बदलतात आणि बदललेलं रूप पेशीतल्या डीएनएला कसं चिकटतं, यावर नवे अभ्यास होते. पण दोन महिन्यांच्या बाळाच्या यकृतात ती एंझाइमं पुरती जागी झालेली नसतात. मग अपायकारक रूप कमीच तयार होणार, असं म्हणता येतं. त्याच कारणानं मूळ पदार्थ शरीरात जास्त वेळ राहणार, असंही म्हणता येतं. दोन्ही बाजू मी तक्त्यात लिहिल्या. शिवाय वेखंडाच्या जातीजातीत त्या घटकाचं प्रमाण फार वेगळं असतं, आणि सासूबाईंचं मूळ कोणत्या जातीचं हे साताऱ्याच्या काष्ठौषधीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. असे तीन आठवडे गेले. रोज सकाळी एक वळसा जात होता आणि माझी फाइल पूर्ण होत नव्हती.

दवाखान्यातून आम्ही टॅक्सीनं परत आलो. बिशानला, आमच्या इमारतीपाशी, उतरल्यावर लिफ्टची वाट बघताना सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, मी बोलायला हवं होतं का?”

“नाही, मी.”

घरात शिरल्यावर त्यांनी गुटीचा डबा पुसला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या पांघरुणांमागे ठेवला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

बायको बाळाला झोपवून बाहेर आली. “तुला कळलं होतं ना, ते काय विचारतायत ते?”

“हो.”

“मग?”

“मात्रा माहीत नसताना काय सांगू? ते विचारणार किती. मी काय सांगणार, एक वळसा? दोन दिवस दे. नीट मोजतो आणि फोन करतो.”

“अरे, फोन कर. फाइल नको लिहूस.”

मी फोन केला नाही. यात लाजही होती, हे आज लिहायला हरकत नाही. माझ्या कार्डावर नावाखाली जे पद छापलेलं आहे, ते वाचून डॉक्टर काय म्हणतील, हा विचार मनात होता.

मंगळवारपासून आम्ही बाळाचा रंग लिहायला लागलो. ती कल्पना माझीच. सकाळी साडेसात वाजता, बेडरूमच्या त्याच खिडकीपाशी, दिवे बंद करून, बाळाच्या छातीवर बोट हलकं दाबायचं, उचलायचं आणि खाली उमटलेल्या रंगाला शून्य ते पाच असा आकडा द्यायचा. मी माझ्या चिठ्ठीवर लिहायचो, बायको तिच्या. एकमेकांच्या बघायच्या नाहीत. दोन्ही तांदळाच्या डब्यावरच्या वाटीत टाकायच्या आणि संध्याकाळी उघडायच्या. पहिल्या दिवशी माझा चार, तिचा तीन. दुसऱ्या दिवशी माझा चार, तिचा तीन. मी सासूबाईंना तिसऱ्या परीक्षक होण्याची विनंती केली.

“मला नका विचारू,” त्या म्हणाल्या. “मी पक्षपाती. मला ती गुलाबीच दिसणार.”

मंगळवारीच दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, जेवताना मी माझ्या सहकारी बाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, इथल्याच, चिनी. आमच्या फाइलींत दुसरा दर्जा बहुतेक वेळा त्यांचा असतो, आणि माझ्याशी जुळला नाही तर त्यांना आनंद होतो. त्यांनी नूडल्स संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“तू वाचलंस ते सगळं गाठींचं,” त्या म्हणाल्या. “बाळ पिवळं आहे. वेगळा प्रश्न ला.”

त्यांनी वाडगा बाजूला सारला.

“बाकीच्या नऊ मुळ्या? त्यांचं काय वाचलंस?”

“त्यांच्यावर फारसं काही सापडलं नाही.”

“म्हणून त्यांची भीती नाही वाटली?”

हे खरं होतं. वेखंडावर कागद होते, म्हणून वेखंडाची भीती होती. बाकीच्यांवर ते नव्हते, म्हणून मी त्या आपोआप निर्दोष धरल्या होत्या. आमच्या कामात नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात ज्या चुकीबद्दल बजावतात, ती मी स्वतःच्या ओट्यावर तीन आठवडे करत होतो.

“माझ्या सासूनंही दिली होती एक कडू पिवळी मुळी,” त्या पुढे म्हणाल्या. “माझा मुलगा चार दिवसांचा होता. तेव्हा तिच्यावर इथे बंदी होती, बाळांची कावीळ वाढते म्हणूनच. तिनं कुठून आणली देव जाणे.”

ती बंदी मला माहीत होती. कित्येक दशकं होती आणि याच दशकात पुरावा पुन्हा तपासून उठवली गेली होती. “म्हणजे ती बंदी चुकीची होती?” मी विचारलं.

“तेव्हाचा पुरावा तेव्हाचा, आताचा आताचा.” त्यांनी ट्रे उचलला. “पण मी डॉक्टरला सांगितलं होतं. त्याच दिवशी. सासू महिनाभर बोलली नाही माझ्याशी. फार शांत महिना गेला.”

मग वळून म्हणाल्या, “मात्रा मोज. तेवढं तुला येतं. आणि मोजून झालं की फोन कर.”

आमच्याच इमारतीत खाली एक तपासणी प्रयोगशाळा आहे. तिथला मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा काटा वापरायची परवानगी मी रीतसर मागितली आणि वहीत कारणाच्या रकान्यात ‘खासगी’ असं लिहिलं. बुधवारी वेखंडाचं मूळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणि सहाण लॅपटॉपच्या बॅगेत ठेवून ऑफिसला गेलो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो; दगडाचं ओझं गुडघ्यांना कळत होतं.

आधी मूळ तोललं. मग सहाणेवर पाण्याचे थेंब टाकून दहा वळसे उगाळलं, पुसलं, पुन्हा तोललं. वजन वाढलं होतं. मी काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं. तेच. दहा वळशांनी झिजण्याऐवजी मूळ पाणी पिऊन जड झालं होतं. काट्यापाशी उभ्या असलेल्या तरुण टेक्निशियननं विचारलं, “सर, हे वाढणारं औषध आहे का?”

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. मुळाऐवजी चाटण तोलायचं. ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा तोलला, दहा वळशांचं सगळं चाटण त्यावर निपटून घेतलं, भट्टीत वाळवलं आणि पुन्हा तोललं. एकेचाळीस मिलिग्रॅम. म्हणजे एका वळशाला चार. बाळाचं वजन, मुळात तेल जास्तीत जास्त किती असेल, तेलात तो घटक जास्तीत जास्त किती असेल, हे सगळं वाईटात वाईट धरून मी हिशोब मांडला. जो आकडा आला तो उंदरांच्या आकड्यापासून लांब होता, पण मला हवा होता तितका लांब नव्हता. एखाद्या कंपनीनं हा हिशोब माझ्याकडे पाठवला असता तर मी तो परत पाठवला असता. वर, सहकारी बाईंनी म्हटलं तसं, तो हिशोब गाठींचा होता. काविळीचा कसा मांडायचा हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ओट्यापाशी उभा राहून सासूबाईंना उगाळून दाखवलं. त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. आठवड्यात पहिल्यांदाच.

“अहो, चंदन उगाळताय का? देवाला गंध लावायचंय?”

“मग कसं?”

“गुटीला मूळ नुसतं टेकवायचं. दाबायचं नाही. बोटांनी धरायचं, मुठीत नाही.” त्यांनी मूळ घेतलं आणि दुधाच्या थेंबावरून ते असं फिरवलं की दगडाला कळलंही नसेल. दहा वळसे झाले तरी सहाणेवर दिसलं ते पुसट पिवळसर पाणी. मी ते कागदावर घेतलं आणि गुरुवारी खाली नेऊन वाळवून तोललं. नऊ मिलिग्रॅम. दहा वळशांचे नऊ.

म्हणजे मी जी मात्रा धरून घाबरलो होतो, ती खऱ्या मात्रेच्या साडेचार पटींच्या वर होती. देणाऱ्याचा हात कसा आहे, हे मी विचारलंच नव्हतं. गुरुवारी दुपारी ट्रेनमध्ये बसायला जागा असून मी उभा राहिलो, इतकं हलकं वाटत होतं. उद्या सकाळी फोन करायचा आणि सांगायचं: रोज एक मिलिग्रॅमहून कमी, एकवीस दिवस.

घरी थोरली जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. बायको बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. मी कागद काढून सगळ्यांना समजावलं. माझा हात, आईंचा हात, एकेचाळीस आणि नऊ.

“पण रोज मीच कुठे दिली?” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “मधे माझं मनगट धरलं होतं ना. पाच-सहा दिवस हिनं उगाळली. मीच शिकवलं हिला, सगळ्या मुळ्या. छान जमत होतं.”

थोरलीची पेन्सिल थांबली.

“तू किती वळसे देत होतीस?” मी विचारलं.

“आजीनं सांगितलं तसं. वन.”

“एकच?”

ती वहीकडे बघत होती. “एकानं काही येतच नव्हतं, बाबा. म्हणून मग... आय डोन्ट नो. छान दिसेपर्यंत.”

“म्हणजे किती? पाच? दहा? वेखंडाचे किती, हळकुंडाचे किती?”

“आय डिडन्ट काउंट. ऑल ऑफ देम. अनटिल इट लुक्ड नाइस.”

आणि मग वर बघून, “बाबा, माझ्यामुळे झालं का ते?”

या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला लपवायचं नाही. मी म्हणालो, “सांगता येत नाही.”

हे उत्तर अचूक होतं. ते माझ्या तोंडून निघालं आणि तिचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की मी तिला ‘हो’ म्हणालो आहे. ती उठून स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालतो त्या जागेत जाऊन उभी राहिली. बायकोनं माझ्याकडे बघितलं. बाळ खांद्यावर पेंगत होतं. सासूबाई भाजीचं ताट खाली ठेवून तिच्यामागे गेल्या.

“अगं बाई, मूळ माझं, सहाण माझी, शिकवलं मी. तुझा काय संबंध?” त्यांचा आवाज ऐकू येत होता. “माझ्या हातावर काठी मार, तुझ्या नको.”

मी दाराशी गेलो. दोरीवर बाळाची लंगोटं वाळत होती आणि ती त्यांच्या मधे उभी होती.

“डॉक्टरांनी सोमवारी मला विचारलं होतं,” मी म्हणालो. “काही मुळ्या देता का म्हणून. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुझ्या वळशांपेक्षा ते जास्त चुकलंय.”

ती वळली. “यू डिडन्ट टेल हिम?”

“नाही.”

“व्हाय?”

“मला पूर्ण उत्तर येत नव्हतं म्हणून.”

ती माझ्याकडे बघत होती. कोणी तरी अगदी सोपं गणित चुकवल्यावर ती बघते तशी. “सो से हाफ ला, बाबा,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडताच मी फोन केला. नर्सनं निरोप घेतला आणि तासाभरात डॉक्टरांचाच फोन आला. मी मीटिंगच्या खोलीत जाऊन दार लावलं. सांगितलं: तीन आठवडे, दहा मुळ्या, सोमवारपासून बंद, सोमवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी नावं लिहून घेतली. मुरुडशेंगेचं स्पेलिंग दोनदा विचारलं. मग म्हणाले, सगळं बंदच ठेवा, डबा घेऊन सोमवारी या. ताप आला, दूध तोडलं किंवा शी पांढुरकी झाली तर मात्र सोमवारची वाट बघू नका, लगेच आणा.

त्या तीन दिवसांत मी किती लंगोटं उजेडात धरून बघितली ते सांगत नाही. शनिवारी वाटीतल्या चिठ्ठ्या उघडल्या: माझा चार, बायकोचा दोन. “तुला दोन कुठे दिसले?” मी विचारलं.

“तुला चार कुठे दिसले?” ती म्हणाली. “मंगळवारपासून तू माझ्यापेक्षा एक जास्त लिहितोयस. आज दोन जास्त. ती पिवळी होत नाहीये, तू होतोयस.”

रविवारी तिनंच आम्हाला घराबाहेर काढलं. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी बाबागाडी ढकलत आम्ही पाचजण चाललो. थोरली सायकल न घेता बाबागाडीच्या दांड्याला धरून चालत होती. मोकळ्या उजेडात बाळ मला जवळजवळ गोरंच दिसलं, पण मी तो आकडा धरला नाही. जागा बदलली होती.

“आज मी लिहू का?” घरी परतल्यावर थोरलीनं विचारलं. “थर्ड रीडर?”

मी तिला चिठ्ठी दिली. तिनं बाळाच्या छातीवर बोट ठेवलं, इतकं हलकं की मला आजीचा हात आठवला. “दाब थोडं,” मी म्हणालो.

“नको,” ती म्हणाली. चिठ्ठी कोरीच ठेवून ती गेली.

सोमवारी थोरलीची शाळा दुपारपर्यंत होती, पण तिनं येण्याचा हट्ट धरला आणि आम्ही नेलं. मी डॉक्टरांना एक पान दिलं. तक्ता केला होता: दिवस, कोणी उगाळलं, कोणती मुळं, वळसे, अंदाजे मिलिग्रॅम. सासूबाईंच्या दिवसांपुढे आकडे होते. सहा दिवसांच्या ओळींत वळशांच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘छान दिसेपर्यंत’. बराच विचार करून लिहिलं होतं. पाच लिहिलं असतं तर ते माझं झालं असतं, दहा लिहिलं असतं तर तेही माझंच.

डॉक्टरांचं बोट त्या रकान्यावर थांबलं. “हे काय आहे?”

“ती मी आहे,” थोरली म्हणाली, खुर्चीच्या मागून. “मी मोजलं नाही. एवढं व्हायचं.” तिनं बोटाचं टोक दाखवलं, नखाएवढं. “मिल्कच्या कलरपेक्षा थोडं ब्राउन.”

“हे उपयोगाचं आहे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते खरंच लिहून घेतलं. सासूबाईंनी डबा उघडून एकेक मूळ टेबलावर मांडलं, प्रयोगशाळेच्या तासाला मांडत असतील तसं, डावीकडून उजवीकडे. डॉक्टरांनी जायफळ ओळखलं.

रक्त घेतलं. बाळ रडलं, आणि थोरलीनं कान झाकून घेतले. दुपारी अहवाल आला. यकृताचे दोन्ही आकडे मर्यादेच्या आत. कावीळ अजून होती, पण उतरणीला लागलेली.

“म्हणजे गुटीमुळेच होती?” बायकोनं विचारलं.

“असू शकेल,” डॉक्टर म्हणाले. “अंगावरच्या दुधामुळे काही बाळांची कावीळ लांबते आणि साधारण याच वयात आपोआप उतरते. तेही असू शकेल. तुम्ही सगळं एकदम बंद केलंत, ते बरोबरच केलंत. पण आता कशामुळे उतरली हे मला सांगता येणार नाही. पुन्हा सुरू करू नका, एवढंच.”

पुन्हा सुरू करून बघितलं तरच उत्तर मिळालं असतं. ते कोणीच करणार नव्हतं. सासूबाई डब्यात मुळ्या भरत म्हणाल्या, “उत्तर नको मला. पोरगी हवी.”

महिन्याभरानं सासूबाईंचा इथे राहण्याचा पास संपला. डबा त्यांनी परत नेला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, साताऱ्यात शेजारणीच्या सुनेला मूल होणार आहे, तिला काय सांगू? मी म्हणालो, “मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगा, आणि माहीत नाही तेही सांगा.” त्यांनी मान हलवली. काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

माझं काम तेच आहे. चौथ्या दर्जाचे अभ्यास पूर्वी मी पाच मिनिटांत बाजूला सारायचो. आता तिथे थोडा वेळ जातो. कुठल्या तरी गावात कोणी काही तरी दिलं, किती ते लिहिलं नाही, मग कोणी तरी आजारी पडलं. दर्जा मी चारच देतो, कारण नियम तो आहे. सहकारी बाईंचाही बहुधा चारच येतो.

धाकटी आता चार वर्षांची आहे. दरवर्षी तपासणीच्या वेळी मी यकृताचे आकडे मागून घेतो, गरज नसताना. ते दरवर्षी नीट असतात आणि मला पुढच्या वर्षीपर्यंत पुरतात. थोरली पंधराची आहे. ती कधी त्याबद्दल बोलत नाही, फक्त बहिणीच्या वाढदिवसाच्या सुमाराला, केक कापून झाल्यावर, बशा विसळताना विचारते.

“बाबा, ते कळलं का काही? गुटीचं?”

“नाही.”

“नवीन पेपर वगैरे?”

“वेखंडावर एक आलाय. आपल्या प्रश्नाचा नाही.”

“ओके,” ती म्हणते आणि पुढची बशी घेते. मी ती पुसतो.